छताला भोकं पाडण्याआधी
घरासाठी एलईडी डाउनलाइट घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फॉल्स सीलिंगचं काम निघालं की पीओपीवाला त्याच्या सवयीने हॉलला बारा भोकं पाडून मोकळा होतो आणि मग त्या भोकांत बसतील असे लाइट शोधत मंडळी दुकानात येतात. क्रम उलटा हवा. एकाच वॉटच्या लाइटचा कटआउट (छताला पाडायच्या भोकाचं माप) प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. भोक लहान पडलं तर कानसून वाढवता येतं. मोठं पडलं तर लाइटची कड ते झाकत नाही आणि पुन्हा पीओपी, पुन्हा पुट्टी. म्हणून आधी लाइट हातात घ्या, डब्यावर मिलिमीटरमध्ये छापलेला कटआउट वाचा, मगच होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) चालवू द्या.

किती लाइट लागतील?

बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा कमी. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे साधारण 11 चौरस मीटर. बसण्या-उठण्याच्या खोलीला 150 लक्स उजेड पुरतो, म्हणजे दर चौरस मीटरला 150 ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप). काही उजेड भिंती आणि छत खातात, तो धरून एकूण 2,800 ल्युमेनच्या आसपास लागतात. चांगला एलईडी एका वॉटला 100 ल्युमेनच्या जवळपास देतो, म्हणजे 7 वॉटचे चार लाइट झाले. रोज पाच तास चालले तरी महिन्याला चार-सव्वाचार युनिट. डब्यावर वॉटपेक्षा ल्युमेनचा आकडा बघा. तो छापलेलाच नसेल तर तो डबा परत ठेवा. वाचन, शिवण, मुलांचा अभ्यास यासाठी छतातले लाइट वाढवू नका, टेबलावर वेगळा दिवा घ्या.

जागा ठरवताना पंखा विसरू नका

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही नेहमीची. 48 इंची पंख्याची पाती रॉडपासून दोन फुटांपर्यंत फिरतात. लाइट त्या घेऱ्याच्या वर किंवा अगदी कडेला आला की प्रत्येक पातं उजेड कापत जातं आणि खाली ताटावर, वहीवर सावली लपलपत राहते. दिवसा काम बघताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. रात्री पंखा आणि लाइट दोन्ही सुरू केले की कळतं. दहा बाय बाराच्या खोलीत चार लाइट दोन्ही भिंतींपासून दोन-दोन फूट आत घेतले, तर मधल्या पंख्यापासून प्रत्येक लाइट बरोबर पाच फुटांवर पडतो. पंख्याच्या मध्यापासून निदान तीन फूट तरी सोडाच.

स्वयंपाकघरात लाइट मधोमध असला की ओट्यावर तुमचीच सावली पडते. तिथे ओट्याच्या पुढच्या कडेच्या वर रांग घ्या, किंवा वरच्या कपाटाखाली पट्टी लावा. बेडरूममध्ये उशीच्या बरोबर वर लाइट नको. द्यायचाच असेल तर एलईडी आत खोल बसवलेला डीप कॉब घ्या, तो डोळ्यांत येत नाही.

रंग

उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात: 3000 केल्विन पिवळसर, 4000 मधला, 6500 पांढराशुभ्र. आपल्याकडे 6500 चा सोस फार. पण सगळ्या घरात तोच लावला तर हॉलचं दुकान होतं. हॉल आणि स्वयंपाकघराला 4000, बेडरूम आणि देवघराला 3000 हे आमचं मत. आरशासमोर आणि ओट्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा) 90 चा लाइट परवडत असेल तर घ्या. साडीचा खरा रंग आणि भाजीचा ताजेपणा त्यात दिसतो. इतरत्र 80 चालतो.

ड्रायव्हर

लाइट ‘उडाला’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा एलईडी शाबूत असतो, गेलेला असतो तो ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारी लाइटसोबतची छोटी डबी. त्यावर तीन गोष्टी बघा: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो, आणि सर्ज (व्होल्टेजची अचानक उसळी) संरक्षण किती किलोव्होल्ट. वळवाच्या पावसात वीज खेळते अशा भागात 4 किलोव्होल्टचा घ्यावा. ड्रायव्हर बदलताना मिलिअँपिअरचा आकडा जुन्याशी जुळलाच पाहिजे. आणि मेन सुरू ठेवून लाइटची पिन ड्रायव्हरला जोडू नका. त्या झटक्याने नवाकोरा लाइट जातो.

ड्रायव्हरला उष्णता सोसत नाही. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, त्यातून सीलिंगवर ग्लासवूल (उष्णता अडवणारी काचतंतूंची गादी) पसरलं असेल तर लाइट आणि ड्रायव्हरभोवतीची जागा मोकळी ठेवा.

बसवताना

सीलिंगचे बोर्ड लावून बंद करण्यापूर्वी जीआय चॅनेल (बोर्ड धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या) आणि वायरिंगचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, म्हणजे भोक चॅनेलवर येणार नाही. प्रत्येक जागी वीतभर वायर लोंबती सोडायला सांगा. जोड चिकटपट्टीवर न सोडता कनेक्टरमध्ये घ्या. लाइट रंगाचा शेवटचा हात झाल्यावरच चढवा. स्प्रिंग बोटावर जोरात बसते, जपून.

स्विच बंद केल्यावरही लाइट मंद तेवत असेल तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर आहे का, किंवा स्विचमध्ये इंडिकेटर आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. बाथरूममध्ये शॉवरच्या वर आयपी 65 चाच (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाणारा) लाइट लावा.

फॉल्स सीलिंग नसेल तर स्लॅब फोडून लाइट आत बसवायच्या भानगडीत पडू नका, आत सळ्या असतात. आम्ही ते काम घेत नाही. सरफेस पॅनेल (स्लॅबला बाहेरून बसणारा चपटा लाइट) लावा, दिसायलाही बरं दिसतं.

एकाच मॉडेलच्या दोन लॉटमध्ये रंगाची छटा किंचित बदलते, आणि चारांतला एक वेगळा दिसला की नजर तिथेच जाते. म्हणून एक-दोन लाइट जास्तीचे त्याच वेळी घेऊन ठेवा. बिल जपून ठेवा. वॉरंटीचा बदली लाइट बिल दाखवल्यावरच मिळतो. कटआउटचं माप आणि मॉडेल एमसीबीच्या डब्याच्या झाकणाला आतून लिहून चिकटवा.