दुसऱ्या अटॅकची वाट न पाहता

मल्टिपल स्क्लेरोसिस हा विशी-तिशीतल्या माणसांचा आजार आहे, अशी समजूत वैद्यकातही दीर्घकाळ रुजलेली होती. प्रत्यक्षात शंभर रुग्णांपैकी साधारण ३ ते ५ जणांमध्ये त्याची सुरुवात वयाच्या १८ वर्षांआधीच होते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरील मायलिन या संरक्षक आवरणावर हल्ला करते. मग कधी नजर अंधुक होते, कधी हातपाय बधिर पडतात, कधी तोल जातो. मुलांमध्ये असे अटॅक प्रौढांपेक्षा अधिक वेळा येतात, पण त्यातून ती लवकर सावरतात, आणि या सावरण्यानेच अनेकदा घरच्यांची व डॉक्टरांचीही दिशाभूल केली.

पूर्वी निदानासाठी दुसऱ्या अटॅकची वाट पाहावी लागे. १९८०च्या दशकात एमआरआय आल्यावर मेंदूतील डाग दिसू लागले, परंतु मुलांमध्ये डाग दिसला म्हणजे हाच आजार, असे म्हणता येत नव्हते. विषाणूसंसर्गानंतर एकदाच होणाऱ्या मेंदूच्या दाहातही तसेच डाग दिसतात. म्हणून २००७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मुलांसाठी स्वतंत्र व्याख्या ठरवल्या. पुढे निकष बदलत गेले आणि नव्या व जुन्या डागांची सरमिसळ एकाच एमआरआयमध्ये आढळली, तर योग्य रुग्णात पहिल्याच अटॅकनंतर निदान करणे शक्य झाले.

माझ्या मते याहून मोठा बदल रक्ततपासणीने घडवला. अॅक्वापोरिन-४ आणि मॉग या शरीरातल्याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) ओळखता येऊ लागली, तेव्हा मल्टिपल स्क्लेरोसिसची समजली गेलेली काही मुले मुळात वेगळ्याच आजाराची आहेत हे उघड झाले. हा भेद केवळ नावाचा नाही, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसवर चालणारे इंटरफेरॉन हे औषध अॅक्वापोरिन-४च्या आजारात प्रकृती अधिक बिघडवू शकते.

उपचारांची वाटचाल मात्र फार संथ होती. प्रौढांसाठी इंटरफेरॉनला अमेरिकेत १९९३ मध्ये मान्यता मिळाली आणि त्यानंतर मुलांनाही, त्यांच्यावर मोठ्या चाचण्या झालेल्या नसताना, प्रौढांवरील अनुभवाच्या आधारे तीच इंजेक्शने दिली जात राहिली. १० ते १७ वर्षे वयाच्या २१५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. फिंगोलिमॉडच्या रोजच्या गोळीने इंटरफेरॉनच्या तुलनेत अटॅकचे वार्षिक प्रमाण ८२ टक्क्यांनी घटले होते, आणि त्याच वर्षी अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. मुलांमधील या आजारासाठी तिथे मिळालेली ती पहिलीच मान्यता. पहिल्या गोळीनंतर हृदयाचे ठोके मंदावतात का, यावर काही तास लक्ष ठेवावे लागते, आणि चाचणीत काही मुलांना फिटही आल्या होत्या.

तरीही इतक्या प्रभावी औषधाकडे लवकर वळावे, असे आता अनेक तज्ज्ञ मानतात. बालपणी आजार जडलेल्यांना कायमचे अपंगत्व प्रौढ रुग्णांपेक्षा उशिरा येते हे खरे, पण ते येते तेव्हा त्यांचे वय प्रौढ रुग्णांपेक्षा सुमारे १० वर्षांनी कमी असते. शिवाय वाढत्या मेंदूवरील घाव स्मरणशक्ती आणि एकाग्रतेवर, म्हणजे थेट शाळेतल्या अभ्यासावर, परिणाम करू शकतात. फिंगोलिमॉडची ती मान्यता १० वर्षे व त्यापुढील वयासाठी होती. त्याहून लहान मुलाला कोणते औषध द्यावे, हे डॉक्टरांना अजूनही मोठ्या मुलांच्या व प्रौढांच्या अनुभवावरूनच ठरवावे लागते.