झिंबाब्वेतील वृत्तमाध्यमे आणि राजकारण

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील झिंबाब्वे या देशात वृत्तपत्रे, रेडिओ व दूरचित्रवाणी यांचे सत्तेशी असलेले नाते. देशातील सर्वांत जुने दैनिक ‘द हेरल्ड’ १८९१ मध्ये आजच्या हरारे शहरात हस्तलिखिताच्या प्रती काढून सुरू झाले. बुलावायो शहरातील ‘क्रॉनिकल’ १८९४ मधले. दोन्ही पत्रे आर्गस या दक्षिण आफ्रिकी वृत्तपत्रसमूहाकडे होती आणि त्यांचा वाचक मुख्यतः गोरा वसाहतकार होता.

इयन स्मिथ यांच्या अल्पसंख्य गोऱ्या सरकारने ११ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसवला. कापलेल्या मजकुराची जागा संपादक कोरी सोडू लागले. आणीबाणीतले कोरे अग्रलेख ज्यांना आठवतात त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. ऱ्होडेशियात (झिंबाब्वेचे तेव्हाचे नाव) मात्र पुढे कोरी जागा सोडण्यावरही बंदी आली.

१९८० मध्ये रॉबर्ट मुगाबे सत्तेवर आले. त्यांना रोज कात्री चालवणारा सेन्सॉर लागला नाही, कारण मालकीच हाती आली. १९८१ मध्ये नायजेरियाने दिलेल्या अनुदानातून आर्गसचे समभाग विकत घेऊन ते एका माध्यम न्यासाकडे सोपवण्यात आले. कागदावर न्यास स्वायत्त होता. संपादकांच्या नेमणुका आणि बदल्या मात्र माहिती मंत्रालयाच्या कलाने होत. रेडिओ आणि दूरचित्रवाणी तर सरकारी महामंडळाचीच. त्यामुळे १९८३ पासून देशाच्या पश्चिमेकडील मॅटाबेलेलँडमध्ये लष्कराने हजारो नागरिक मारले, तेव्हा सरकारी पत्रांत बातम्या आल्या त्या बंडखोरांच्या बंदोबस्ताच्या.

तरी या यंत्रणेला एकदा आतूनच तडा गेला. १९८८ मध्ये ‘क्रॉनिकल’चे संपादक जेफ्री न्यारोटा यांनी विलोवेल येथील मोटार कारखान्याचे प्रकरण उघड केले. गाड्यांची तीव्र टंचाई असताना मंत्री व बडे नेते कारखान्यातून नियंत्रित दराने गाड्या उचलत आणि चढ्या भावाने विकत. न्यायमूर्ती सँडुरा यांच्या चौकशी आयोगासमोर साक्षी झाल्या, संरक्षणमंत्री एनॉस न्काला यांच्यासह अनेक मंत्र्यांना पद सोडावे लागले आणि ज्येष्ठ नेते मॉरिस न्यागुम्बो यांनी आत्महत्या केली. न्यारोटा यांना ‘बढती’ मिळाली: संपादकाच्या खुर्चीवरून उचलून हरारेत जनसंपर्काच्या कामावर.

हेच न्यारोटा १९९९ मध्ये ‘डेली न्यूज’ हे खासगी दैनिक घेऊन परतले. त्याच वर्षी नवा विरोधी पक्ष स्थापन झाला आणि फेब्रुवारी २००० च्या सार्वमतात सरकारचा राज्यघटनेचा मसुदा फेटाळला गेला. सरकारी पत्रे विरोधकांना ब्रिटनचे हस्तक ठरवत असताना ‘डेली न्यूज’ त्यांची बाजू छापत होते. तेही तटस्थ होते असे म्हणता येत नाही, पण लोकांना दुसरी बाजू हवी होती आणि खपात त्याने ‘हेरल्ड’ला मागे टाकले. जानेवारी २००१ मध्ये त्याचा छापखाना बॉम्बस्फोटांनी उद्ध्वस्त झाला.

बॉम्बपेक्षा कायदा अधिक परिणामकारक ठरला. माहितीमंत्री जोनाथन मोयो यांच्या काळात २००२ मध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येक वृत्तपत्राला व पत्रकाराला सरकारनियुक्त आयोगाकडे नोंदणी सक्तीची केली. नोंदणीविना पत्रकारिता केल्यास तुरुंगवासाची तरतूद होती. ‘डेली न्यूज’ने नोंदणी न करता कायद्यालाच न्यायालयात आव्हान दिले. सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आधी कायदा पाळा, मग त्याविरुद्ध दाद मागा. लगेच पोलिसांनी कार्यालय बंद केले. हे दैनिक २०११ मध्ये पुन्हा निघाले, पण मधली सर्वांत वादळी वर्षे त्याच्याविना गेली.

खेड्यापाड्यांत वृत्तपत्रापेक्षा रेडिओ महत्त्वाचा, म्हणून तिथली पकड अधिक घट्ट होती. सप्टेंबर २००० मध्ये न्यायालयाने प्रसारणातील सरकारी मक्तेदारी घटनाबाह्य ठरवली. कॅपिटल रेडिओ हे खासगी केंद्र सुरू झाले आणि काही दिवसांतच पोलिसांनी ते बंद पाडले. त्याच्या संस्थापक जेरी जॅक्सन यांनी मग लंडनहून लघुलहरींवर प्रसारण चालवले. सरकारने त्या लहरींत खरखर मिसळली, तेव्हा केंद्राने बातम्यांचे मथळे मोबाइल संदेशांतून पाठवायला सुरुवात केली. पहिले व्यावसायिक रेडिओ परवाने २०११ मध्ये दिले गेले, त्यांतला एक खुद्द ‘हेरल्ड’च्या कंपनीला.

१५ नोव्हेंबर २०१७ च्या पहाटे लष्करी गणवेशातील सिबुसिसो मोयो यांनी सरकारी वाहिनीवरून, हे लष्करी सत्तांतर नव्हे, असा खुलासा केला. आठवडाभरात मुगाबे यांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले एमर्सन म्नान्गाग्वा यांच्या कारकिर्दीत २००२ चा कायदा रद्द झाला. पण २०२० मध्ये कोविड साहित्याच्या खरेदीतील गैरव्यवहारावर लिहिणारे पत्रकार होपवेल चिनोनो यांना अटक झाली. पुढच्या वर्षी खोट्या माहितीच्या आरोपाखाली त्यांच्यावर लावलेले कलम मुळात अस्तित्वातच नसल्याचे उच्च न्यायालयाने म्हटले. डिसेंबर २०२१ च्या सायबर कायद्याने तसाच गुन्हा नव्या शब्दांत परत आणला. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांवर टीका करणाऱ्या एका माजी स्वातंत्र्यसैनिकाची मुलाखत प्रसारित केल्याबद्दल पत्रकार ब्लेस्ड म्ह्लांगा दोन महिन्यांहून अधिक काळ कोठडीत होते.