ज्वलनशील प्रशीतक असलेल्या एसीची सुरक्षित दुरुस्ती

ज्वलनशील प्रशीतक, म्हणजे थंडावा निर्माण करणारा पण पेट घेऊ शकणारा गॅस, वापरणाऱ्या एसीतून तो गॅस काढणे, गळती शोधणे, पाइप जोडणे आणि गॅस पुन्हा भरणे ही कामे आग किंवा स्फोट होऊ न देता पार पाडण्याची पद्धत. घरगुती स्प्लिट एसीत असे दोन गॅस प्रामुख्याने आढळतात : आर-३२ (डायफ्लुरोमिथेन) आणि आर-२९० (प्रोपेन). फ्रिजमधला आर-६००ए (आयसोब्यूटेन) हाही ज्वलनशीलच. तांब्याच्या बंद नळ्यांत हवा नसते, त्यामुळे चालू यंत्रात फिरणारा गॅस पेटत नाही. धोका सुरू होतो तो मेकॅनिकने जोड उघडल्यावर किंवा कुठे गळती झाल्यावर. म्हणूनच या गॅसांच्या सुरक्षेची खरी कसोटी कारखान्यापेक्षा दुरुस्तीच्या वेळी लागते.

हे गॅस वापरात येण्यामागे पर्यावरणाचे कारण आहे. ओझोन थराला हानी पोहोचवणारी द्रव्ये हटवण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने जागतिक तापमान वाढवणारे हायड्रोफ्लुरोकार्बन गॅसही त्याच्या कक्षेत आणले. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. कार्बन डायऑक्साइडची तापमानवाढीची क्षमता १ धरली, तर आधीच्या एसीतल्या, ज्वलनशील नसलेल्या आर-२२ ची सुमारे १,८१०, आर-४१०ए ची २,०८८, आर-३२ ची ६७५ आणि आर-२९० ची ३ किंवा त्याहूनही कमी भरते. प्रोपेनवर चालणारे स्प्लिट एसी गोदरेजने भारतात २०१२ च्या सुमारास बाजारात आणले. आर-३२ चे यंत्र डायकिनने त्याच वर्षी जपानमध्ये आणले आणि पुढे भारतातल्या बहुतेक कंपन्या त्याच गॅसकडे वळल्या.

दोन्ही गॅस ज्वलनशील असले तरी त्यांच्यात मोठा फरक आहे. आयएसओ ८१७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आर-२९० हा ए३, म्हणजे सर्वांत ज्वलनशील गटात मोडतो; आर-३२ हा ए२एल, म्हणजे सौम्य गटात. हवेत प्रोपेनचे प्रमाण आकारमानाने सुमारे २.१ टक्के झाले की मिश्रण पेटू शकते. आर-३२ ला त्यासाठी सुमारे १४ टक्के लागतात. साध्या स्विचची ठिणगी प्रोपेनला पुरते. आर-३२ पेटायला त्याच्या किती तरी पट ऊर्जा लागते आणि त्याची ज्वाळा सेकंदाला जेमतेम ६.७ सेंटिमीटर वेगाने पुढे सरकते. पण सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. आर-३२ जळताना हायड्रोजन फ्लोराइड हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. शिवाय त्याचा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपट असल्यामुळे जुने गेज (दाबमापक) आणि गॅस भरण्याच्या जुन्या नळ्या त्यावर लावू नयेत.

दोन्ही गॅस हवेपेक्षा जड आहेत. गळती झाली की ते खाली उतरून फरशीलगत पसरतात. १० बाय १० फुटांच्या, ९ फूट उंच खोलीत ३०० ग्रॅम प्रोपेन सुटले, तर त्याचा सुमारे १६५ ते १७० लिटर वायू होतो. तो खोलीभर सारखा मिसळला तर प्रमाण पाऊण टक्क्याच्याही आत राहते आणि काही पेटत नाही. तोच वायू जमिनीलगतच्या दीड फुटात साचला, तर प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास जाते. वायू तेवढाच, खोली तीच. पण दुसऱ्या वेळी पलंगाखालच्या एक्स्टेंशन बोर्डात पिन खुपसली तरी भडका उडू शकतो. हे गणित कळले की काम सुरू करण्याआधी दारे-खिडक्या उघडून पंखा का लावायचा, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गॅस भरण्याच्या मर्यादेचे सूत्रही याच विचारातून आले आहे. आयईसी ६०३३५-२-४० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या प्रचलित सूत्रात खोलीचे क्षेत्रफळ आणि इनडोअर युनिट किती उंचीवर आहे, यावरून कमाल वजन ठरते. भिंतीवर १.८ मीटर उंचीवर लावलेल्या युनिटसाठी १० बाय १० फुटांच्या खोलीत आर-२९० ची मर्यादा सुमारे २३० ग्रॅम येते. ३०० ग्रॅमसाठी सुमारे १७० चौरस फुटांची खोली लागते. भाड्याचे घर बदलताना तोच एसी लहान खोलीत बसवला जातो, तेव्हा ही मर्यादा सहसा कोणी तपासत नाही. ती तपासणे हे बसवणाऱ्याचे काम आहे.

घरोघरी स्वयंपाकाला वापरला जाणारा एलपीजी हा प्रोपेन आणि ब्यूटेनचेच मिश्रण असल्यामुळे आर-२९० ओळखीचा वाटतो, आणि ही ओळखच घात करते. एलपीजीत वास यावा म्हणून मर्कॅप्टन मिसळलेले असते; प्रशीतक दर्जाच्या प्रोपेनला वास नसतो. गळती नाकाला कळेल, या भरवशावर राहता येत नाही. उलट बाजूने, घरचा सिलिंडर जोडून एसी भरणे हेही तितकेच घातक. त्यातला ओलावा, गंधकाची संयुगे आणि सिलिंडरागणिक बदलणारे मिश्रण कॉम्प्रेसर खराब करते, आणि यंत्रावरच्या पाटीवर लिहिलेला गॅस एक व आतला दुसराच, अशी स्थिती पुढच्या मेकॅनिकसाठी मागे राहते.

कामाची सुरुवात यंत्रावरची पाटी वाचण्यापासून होते. त्यावर गॅसचे नाव, वजन आणि ज्वाळेचे चिन्ह असते. त्यानंतर कामाच्या जागेभोवती दोन-तीन मीटरचा पट्टा मोकळा करून घ्यायचा. त्या पट्ट्यात देवघरातला दिवा, उदबत्ती, सिगारेट, चालू मोबाइल किंवा ठिणगी पाडणारे ड्रिल चालत नाही. वीज स्विचवरून न तोडता पट्ट्याबाहेरच्या एमसीबीवरून तोडायची आणि कपॅसिटर डिस्चार्ज करून, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून, घ्यायचा. ज्वलनशील वायूसाठीचा डिटेक्टर चालू करून तो छातीच्या उंचीवर न टांगता जमिनीलगत ठेवायचा. कोरड्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक हाताशी हवे. आउटडोअर युनिट इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे उभ्या पोकळीत, असेल, तर काळजी दुप्पट घ्यावी लागते. मुंबईतल्या अनेक इमारतींत हे डक्ट खालून बंद असतात. वरून सुटलेला गॅस तळाशी साचतो आणि तिथेच तळमजल्याच्या खिडक्या उघडतात.

गळती शोधायला पूर्वी वापरला जाणारा हॅलाइड टॉर्च, म्हणजे उघड्या ज्योतीचे साधन, इथे सर्वस्वी वर्ज्य. साबणाचे पाणी चालते; मात्र क्लोरीनयुक्त डिटर्जंट तांब्याला खाते, म्हणून टाळावे.

गॅस काढताना आर-३२ रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्येच गोळा करावा. तो हवेत सोडणे म्हणजे ६७५ पट कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. हे मशीन ज्वलनशील वायूसाठीच बनवलेले हवे आणि सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये. आर-२९० ची मात्रा कमी असल्यामुळे, नियम मुभा देतात तिथे, तो लांब नळीने उघड्या हवेत हळूहळू सोडण्याची पद्धत आहे. नळीचे तोंड खिडकी, गटार व खड्डा यांपासून दूर ठेवायचे. गॅस निघाला तरी काम संपत नाही, कारण कॉम्प्रेसरच्या तेलात तो विरघळून राहतो. त्यामुळे नळ्यांतून कोरडा नायट्रोजन फिरवायचा, व्हॅक्यूम करायचा, म्हणजे पंपाने नळ्या निर्वात करायच्या, पुन्हा नायट्रोजन भरायचा.

कॉम्प्रेसर बदलताना अनेक अपघातांचे मूळ एका सवयीत असते : जुना जोड ज्योतीच्या टॉर्चने तापवून सोडवणे. जोड सुटतो त्या क्षणी नळीत अडकलेला गॅस आणि तेलाची वाफ थेट ज्योतीवर येते. ज्वलनशील गॅसच्या यंत्रात नळी ट्यूब कटरनेच कापावी. ब्रेझिंगची, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून नळ्या जोडण्याची, वेळ त्यानंतर येते, तीही डिटेक्टर शून्य दाखवत असताना आणि नळीतून नायट्रोजनचा मंद प्रवाह चालू ठेवून.

दाबाची चाचणी फक्त नायट्रोजनने घ्यावी. ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची हवा भरून चाचणी घेतल्यास आतल्या तेलाशी संयोग होऊन यंत्र बॉम्बसारखे फुटू शकते; हे ज्वलनशील नसलेल्या गॅसच्या यंत्रातही घडते. पंपडाउनचा धोका याच जातीचा आहे. एसी काढताना लिक्विड वॉल्व्ह बंद करून गॅस आउटडोअरमध्ये खेचतात. मग सक्शन वॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर थांबवायचा आणि त्यानंतरच नळ्यांच्या जोडावरचे फ्लेअर नट सोडायचे, हा क्रम आहे. घाईत कॉम्प्रेसर चालू असतानाच नट ढिला केला, तर हवा आत ओढली जाते. गॅस, तेल आणि हवा एकत्र दाबली जाऊन तापतात आणि कॉम्प्रेसरचे कवच फाटते. जवळ उभ्या माणसाला वाचायला वेळ मिळत नाही.

गॅस भरताना हात गेजवर नको, वजनकाट्यावर हवा. आर-२२ च्या काळात कॉम्प्रेसर ओढत असलेले अँपिअर आणि बॅक प्रेशर (सक्शन बाजूचा दाब) बघून भरण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या चालली. प्रोपेनचे द्रव वजनाला आर-२२ च्या निम्म्याच्या आसपास असते, त्यामुळे जुन्या अंदाजाने भरलेला गॅस जास्त होतो आणि खोलीची मर्यादाही ओलांडतो. थोडा कमी झाला म्हणून वरून ‘टॉप-अप’ करू नये : आधी गळती शोधून बंद करावी, यंत्र रिकामे करावे, ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे अतिशय कमी दाबाचे माप) व्हॅक्यूम करावा आणि मग पाटीवरचे वजन ग्रॅममध्ये मोजून भरावे. व्हॅक्यूम पंपाचे बटणही ठिणगी पाडते, म्हणून पंप पट्ट्याबाहेरच्या सॉकेटवरून चालू-बंद करतात. ज्वलनशील गॅसच्या सिलिंडरला बहुधा उलटे आटे असतात. ते बसत नाहीत म्हणून जोडणी बदलून भलत्या यंत्रात तो गॅस भरू नये. आर-२२ साठी बनलेल्या एसीत प्रोपेन भरणे तर मुळीच योग्य नाही. त्याचे रिले आणि ओव्हरलोड स्विच ठिणगीबंद नसतात.

यातले जवळजवळ सगळे वेळ मागते. गर्दीच्या एप्रिल-मेमध्ये दिवसाला ठरावीक कॉल उरकण्याच्या बोलीवर राबणाऱ्या मेकॅनिकला नायट्रोजनचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवायला आणि व्हॅक्यूम पूर्ण होईपर्यंत थांबायला मुभा मिळत नाही. २०१९ च्या भारतीय कूलिंग कृती आराखड्यात एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे लक्ष्य ठेवले होते. प्रशिक्षण हवेच, पण व्हॅक्यूमच्या वेळेचे पैसे बिलात धरल्याशिवाय शिकलेले हात ते वापरू शकत नाहीत.

यंत्र कायमचे काढताना त्यातला गॅस काढून नायट्रोजन फिरवावा आणि ‘गॅस रिकामा केला’ अशी तारीख व सहीची चिठ्ठी त्यावर लावावी. भंगारात गेलेल्या यंत्राची नळी पुढे कोणी तरी गॅस कटरनेच तोडणार असते.