लहान मुलाला घेऊन कॅरिबियन क्रूझ: मुंबईतून निघताना पासपोर्ट, व्हिसा आणि बाकीची कागदपत्रं

कॅरिबियन क्रूझबद्दल नेटवर शोधलं की एक वाक्य हमखास सापडतं, की जहाज जिथून सुटतं तिथेच परत येणार असेल तर पासपोर्ट लागत नाही, जन्मदाखला आणि ओळखपत्र पुरतं. हे खरं आहे, पण अमेरिकन नागरिकांसाठी. आपल्यासाठी नाही. आपल्याकडे बॅलार्ड पिअरवरून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर आधार कार्ड दाखवून चढलेली मंडळी असतात, त्यामुळे हे वाचून त्यांनाही वाटतं की बाळाचा दाखला घेतला की झालं. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या प्रत्येकाला, अगदी आठ महिन्यांच्या बाळालासुद्धा, स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो.

माझं मत विचाराल तर जहाजावर किती घसरगुंड्या आहेत ते नंतर बघा, आधी जहाज कुठून सुटतं आणि कुठल्या कुठल्या बेटांवर थांबतं ते बघा, कारण तुमच्या फाइलची जाडी त्यावरच ठरते. बहुतेक मोठी जहाजं फ्लोरिडातून सुटतात, मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनव्हरल, काही टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनहून, आणि काही पोर्टो रिकोच्या सान हुआनहून. पोर्टो रिको वेगळं बेट दिसत असलं तरी ते अमेरिकेचंच आहे, सेंट थॉमसही अमेरिकेचंच, म्हणजे तिथेही अमेरिकन व्हिसाच. आणि तो मल्टिपल एंट्री हवा, कारण जहाज बाहेरच्या देशांत जाऊन परत अमेरिकेत शिरतं.

अमेरिकन व्हिसा एकदा हातात आला की निम्मं काम झालं म्हणायला हरकत नाही. मेक्सिकोच्या कोझुमेलला उतरायला वैध अमेरिकन व्हिसा चालतो, वेगळा मेक्सिकन व्हिसा काढावा लागत नाही. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद इथे तर पर्यटनासाठी थोडे दिवस जाणाऱ्या भारतीयांना व्हिसाच लागत नाही. गोची होते ती फ्रेंच बेटांवर. मार्टिनिक आणि ग्वाडलूप फ्रान्सची आहेत पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे शेंगेन व्हिसा आहे म्हणून बिनधास्त राहू नका, या बेटांसाठी काय लागेल ते फ्रान्सच्या अधिकृत व्हिसा साइटवर तपासा. बाकी प्रत्येक बेटाचा नियम क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी मागवा आणि त्यात भारतीय पासपोर्ट असं स्पष्ट लिहा, नाहीतर उत्तर अमेरिकन माणसाला द्यायचं तेच येतं. एका बंदराचा व्हिसा नसला तरी बसताना अडवू शकतात, तुम्ही त्या बेटावर उतरणार नाही म्हणालात तरी.

अमेरिका टाळायचीच असेल तर बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनहून सुटणाऱ्या क्रूझही असतात, पण मुंबईहून तिथे थेट विमान नाही, सहसा लंडनमार्गे जावं लागतं, आणि अमेरिकन व्हिसा नसलेल्या भारतीयाला लंडनमध्ये नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. लहान मूल, दोन लांब फ्लाइट, वर हा व्हिसा. मला तरी हा शॉर्टकट वाटत नाही.

आता पात्रता, म्हणजे बाळाचं वय. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन, डिस्ने या सगळ्यांकडे साधारण नियम असा की प्रवास सुरू होईल त्या दिवशी मूल किमान ६ महिन्यांचं पाहिजे. बुकिंगच्या दिवशी नाही, जहाज सुटेल त्या दिवशी. लांब पल्ल्याच्या, सलग तीन किंवा जास्त दिवस समुद्रातच असलेल्या क्रूझसाठी ही अट १२ महिने होते, कारण मधे कुठे हॉस्पिटल नसतं. आणि घरात दुसऱ्याची चाहूल असेल तर तेही आत्ताच मोजून घ्या, क्रूझ संपेपर्यंत गरोदरपणाचे २४ आठवडे पूर्ण होत असतील तर बहुतेक कंपन्या आईला घेत नाहीत. व्हर्जिन व्हॉयेजेसची जहाजं स्वस्तात दिसली तर लगेच फॉरवर्ड करू नका, तिथे १८ वर्षांखाली प्रवेशच नाही. विमानात जसं मांडीवरचं बाळ वेगळं धरतात तसं जहाजावर नसतं, केबिनमध्ये तान्हं बाळही एक पूर्ण प्रवासी धरलं जातं, त्याचं भाडं आणि पोर्ट टॅक्स लागतो, म्हणून बुकिंगमध्ये त्याचं नाव पहिल्यापासून टाका.

पासपोर्टकडे येऊ. सगळं गाडं इथे अडतं आणि अडतं ते बहुतेक वेळा जन्मदाखल्यावरून. १ ऑक्टोबर २०२३ किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, आधार वगैरे नाही. आपल्याकडे होतं काय, की हॉस्पिटलमधून जन्माची नोंद होते तेव्हा बाळाचं नाव ठरलेलं नसतं, मग बारसं होतं, आत्या कानात नाव सांगते, पेढे वाटून होतात, आणि महापालिकेच्या दाखल्यावर नावाची जागा तशीच रिकामी राहते. वॉर्ड ऑफिसला जाऊन ते नाव आधी टाकून घ्या, पहिल्या वर्षात फी लागत नाही, नंतर लेट फी भरून होतं. स्पेलिंग मात्र तिथेच कायमचं ठरवा. दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं आणि विमानाच्या तिकिटावर तिसरं असं असेल तर प्रत्येक काउंटरवर तीच गोष्ट परत परत समजावत बसावी लागेल.

अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर भरायचा. लहान मुलांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १००० रुपये, ८ वर्षांखालच्यांना नव्या अर्जात १० टक्के सूट, तत्काळ हवा असेल तर वर २००० रुपये. सोबत परिशिष्ट ड (Annexure D) लागतं, म्हणजे आई आणि वडील दोघांच्या सह्यांचं डिक्लेरेशन, आणि दोघांपैकी एकाची संमती मिळणं शक्य नसेल, वेगळे राहत असतील किंवा एकल पालक असेल, तर परिशिष्ट क (Annexure C). मालाड, ठाणे किंवा जी तारीख आधी मिळेल त्या केंद्राची अपॉइंटमेंट घ्या. मुलाला न्यावंच लागतं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या बॅकग्राउंडचा पासपोर्ट साइझ फोटो बरोबर ठेवा, कारण तिथल्या कॅमेऱ्यासमोर दोन वर्षांचं पोर सरळ बघत नाही हे सरकारलाही माहितीये. आईवडिलांचे ओरिजिनल पासपोर्ट आणि झेरॉक्स, आणि पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर नुसता नोटरी केलेला करार नको, रजिस्टर केलेलं लीव्ह अँड लायसन्स पाहिजे.

आईवडील दोघांचे पासपोर्ट वैध असतील आणि त्यात जोडीदाराचं नाव असेल तर मुलाचं काम सहसा पोलीस व्हेरिफिकेशनशिवाय होतं. आपल्याकडे खूप जणींचा पासपोर्ट लग्नाआधीचा असतो, माहेरचं नाव, नवऱ्याचं नाव कुठेच नाही. नाव बदलायची सक्ती अजिबात नाही, माहेरचंच ठेवा, पण जोडीदाराचं नाव घालून पासपोर्ट रीइश्यू करून घेतला तर पुढची बरीच कटकट वाचते. वेळ नसेल तर निदान मॅरेज सर्टिफिकेट तरी फाइलीत असू द्या.

मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचाच निघतो आणि परत येण्याच्या तारखेनंतर त्यावर किमान सहा महिने उरलेले असावेत असा हिशोब धरा. म्हणजे मूल साडेचार वर्षांचं झालं आणि पासपोर्ट तान्हेपणी काढला असेल तर आधी तो रिन्यू, मग बाकीचं.

अमेरिकन व्हिसा बी१/बी२ प्रकारचा, म्हणजे थोड्या दिवसांच्या भेटीचा. प्रत्येकाचा वेगळा डीएस-१६० हा व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाचा फॉर्म, बाळाचाही, फी माणशी १८५ डॉलर, बाळ म्हणून सूट नाही आणि व्हिसा नाकारला तरी पैसे परत नाहीत. फॉर्म भरताना घाई करू नका, कन्फर्मेशनचा नंबर अपॉइंटमेंटशी जुळला पाहिजे, मुलाचा फोटो दोन बाय दोन इंच, चष्मा असेल तर काढून. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती विचारतात, तिथे आईवडिलांनी आपली खरी सगळी द्यायची, आणि बाळाच्या नावाने कौतुकाने उघडलेलं इन्स्टा असेल तर त्याचाही विचार करा. व्हिसा अपॉइंटमेंटच्या साइटवर सगळ्या कुटुंबाचं एकाच प्रोफाइलमध्ये ग्रुप करून एकच अपॉइंटमेंट घ्या.

इथे एक जुनी माहिती अजून फिरतेय, ती म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांना आणि वयस्कर आजीआजोबांना इंटरव्ह्यू नाही, पेपर ड्रॉप करायचे. २ सप्टेंबर २०२५ पासून ही सवलत सरसकट राहिलेली नाही, साधारणपणे लहान मुलांना आणि ७९ च्या वरच्यांनाही प्रत्यक्ष जावं लागतं. बोटांचे ठसे १४ खालच्या मुलांचे घेत नाहीत एवढंच. तेव्हा आजीआजोबा बरोबर येणार असतील, आणि मुंबईत दोघं नोकरी करणारे असले की ते येतातच, त्यांचीही तयारी धरा. अमेरिकन कॉन्सुलेट बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आहे, मोबाईल आत नेता येत नाही, त्यामुळे मुलाला गप्प ठेवायला फोन हा उपाय तिथे बाद, चित्रांचं पुस्तक किंवा छोटंसं खेळणं बघा. सकाळचा ट्रॅफिक धरून निघा, कुर्ल्याहून रिक्षाने जाणार असाल तरी.

इंटरव्ह्यूत अधिकारी मुळात एकच गोष्ट तपासतो, तुम्ही परत येणार का. ऑफिसचं रजेचं पत्र, आयटी रिटर्न, सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, घराचे पेपर, शाळेत जाणारं मूल असेल तर शाळेचं पत्र, सगळं घेऊन जा, कदाचित एकही कागद बघणार नाहीत, पण विचारलं तर हातात हवं. क्रूझचा बेत साधा सरळ सांगा, कुठून, किती दिवस, खर्च कोण करतंय. पैसे भरलेलं बुकिंग दाखवल्याने व्हिसा मिळतो असं काही नाही, म्हणून व्हिसा यायच्या आधी नॉन-रिफंडेबल भाडं भरू नका, एजंट कितीही म्हणो की ऑफर आज रात्री संपतेय. तारखा मिळायला बरेच महिने लागू शकतात, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

व्हिसा मिळाला तर सहसा १० वर्षांचा मिळतो आणि मुलाचा पासपोर्ट मधेच संपतो. काळजी नको, जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा चालू राहतो, फक्त जुना आणि नवा दोन्ही बरोबर न्यायचे. जुना पासपोर्ट रद्दीत टाकू नका एवढंच.

आईवडिलांपैकी एकच जण मुलाला नेत असेल किंवा मूल आजीआजोबांबरोबर जाणार असेल तर न येणाऱ्या पालकाचं संमतीपत्र हवं. इंग्रजीत, स्टॅम्प पेपरवर, नोटरी केलेलं, त्यात मुलाचं नाव, पासपोर्ट नंबर, कोणाबरोबर जातंय, जहाजाचं नाव, तारखा, आणि आजारी पडल्यास उपचाराचा निर्णय कोणी घ्यायचा ते. मूल आजीआजोबांबरोबर असेल तेव्हा तर हे शेवटचं वाक्य विसरूच नका. दोघंही जात असाल तरी जन्मदाखल्याची प्रत हँडबॅगेत ठेवा, आईचं आडनाव वेगळं असेल तर तिचं आणि मुलाचं नातं त्याच कागदावर दिसतं.

पिवळ्या तापाचं कोणी आधी सांगत नाही. क्रूझ त्रिनिदाद, पनामा किंवा कोलंबियाच्या कार्टाहेनाला थांबणार असेल तर परत येताना मुंबई एअरपोर्टवर यलो फीव्हरचं सर्टिफिकेट मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी सर्टिफिकेट वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. मुंबईत एअरपोर्ट हेल्थ आणि पोर्ट हेल्थ ऑफिसकडे ही लस मिळते. पण ९ महिन्यांखालच्या बाळाला ती सहसा देत नाहीत, आणि भारताच्या नियमात सूट फक्त ६ महिन्यांखालच्या बाळांना आहे, म्हणजे मधल्या वयाचं बाळ असेल तर सरळ दुसरा रूट घ्या. बहामा, कोझुमेल, जमैकावाल्या रूटमध्ये ही भानगड नाही.

तारखांचं म्हणाल तर अटलांटिकमधला हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जोर जास्त. आपली मे महिन्याची सुट्टी छान बसते, दिवाळीची सीझनच्या शेपटीला येते. वादळ आलं तर जहाज सहसा रूट बदलतं आणि भलत्याच बेटावर जातं, म्हणून व्हिसाच्या बाबतीत अगदी काठावरचा हिशोब करू नका. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे पॅकेजच्या पैशांबरोबरच घेतला जाणारा आयकर, कापतात, पॅन नंबर नीट द्या, आयटी रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट मिळतं. ट्रॅव्हल इन्शुरन्स अमेरिका धरून असलेलाच घ्या आणि जहाजावरून हॉस्पिटलला हलवायचा खर्च त्यात आहे का ते पॉलिसीत शोधा, जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं.

जहाजावरच्या अटीही बुकिंगच्या आधीच वाचायच्या. डायपरमधल्या मुलाला मोठ्या पूलमध्ये उतरवता येत नाही, स्विम डायपर असलं तरी, हा अमेरिकेचा आरोग्य नियम आहे. काही जहाजांवर बाळांसाठी वेगळी पाण्याची जागा असते, ती तुमच्या जहाजावर आहे का ते विचारा. किड्स क्लबला रॉयल कॅरिबियन आणि डिस्नेमध्ये मूल ३ वर्षांचं आणि डायपर सुटलेलं लागतं, कार्निव्हल २ वर्षांपासून घेतं आणि डायपरही चालतं, ३ वर्षांखालच्यांना डिस्नेची पैसे भरून नर्सरी आहे. केबिनमधला पाळणा सहसा फुकट मिळतो पण मागावा लागतो.

आणि खाणं. घरी शिजवलेलं जहाजावर नेता येत नाही, सीलबंद बेबी फूड चालतं. इलेक्ट्रिक केटल, छोटा राइस कुकर हे चेकिंगमध्येच काढून घेतात, त्यामुळे केबिनमध्ये गुरगुट्या भात करू हा आजीचा प्लॅन आधीच मोडून काढा. डायनिंगच्या हेड वेटरला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं की साधा मऊ भात, उकडलेल्या भाज्या, दही वगैरे मिळण्यासारखं असतं. नाचणीचं सत्त्व सीलबंद पाकिटातलं घ्या, घरी दळून डब्यात भरलेलं नको, आणि आंबे, ताजी फळं, मटण-चिकनचं काहीही बॅगेत ठेवू नका, ते अमेरिकेच्या कस्टम्सवरच फेकून द्यावं लागेल.