कॅशबॅक खात्यात येईपर्यंत काय काय सांभाळायचं

आमच्या दुकानात फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन घ्यायला आलेले ग्राहक आधी विचारतात, "कॅशबॅक किती आहे?" तो मिळणार कधी आणि कसा, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. तेच सांगण्यासाठी आम्ही हे पत्रक काढलं आहे.

इन्स्टंट डिस्काउंटमध्ये कार्ड स्वाइप करतानाच रक्कम कमी होते. कॅशबॅकमध्ये आज पूर्ण पैसे भरायचे आणि सूट नंतर, योजनेनुसार साधारण दोन ते चार महिन्यांनी, खात्यात जमा होते. ४२,००० चा एसी ३,००० कॅशबॅक धरून ३९,००० ला पडतो हे खरं, पण आज खिशातून ४२,००० च जाणार आहेत. घरचा हिशेब त्यावर बसवा. दोन्ही ऑफर सारख्याच असतील तर इन्स्टंटच घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ईएमआयवर घेताना ऑफर कार्डमशीनवर निवडावी लागते. कंपनी, मॉडेल आणि काही ब्रँडचा सिरियल नंबरही मशीनमध्ये टाकावा लागतो. घाईत साधा स्वाइप झाला तर पैसे जातात, वस्तू घरी येते, पण ऑफर त्या व्यवहाराला लागतच नाही. म्हणून स्लिप हातात आली की काउंटरवरच वाचा. ईएमआयचे महिने बरोबर आहेत का, कॅशबॅकची रक्कम छापली आहे का? नसेल तर तिथल्या तिथे सांगा. त्याच दिवशी व्यवहार रद्द करून पुन्हा करता येतो, नंतर फार अवघड होतं. आणि स्लिपचा फोटो काढून ठेवा. तो थर्मल कागद असतो, पाकिटात काही महिने राहिला की अक्षरं उडतात, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज पडते.

काही ऑफरमध्ये बिल आणि सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर आपणच भरायचे असतात. तिथे मुदत बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजतात, डिलिव्हरीच्या नाही. मागच्या गणपतीत एका ताईंच्या फ्रिजचा खोका गौरींच्या मखरासाठी कापला गेला आणि त्यावरचा सिरियल नंबरचा स्टिकर रंगाखाली गेला. नंबर फ्रिजवरही होता, पण कंपनीला खोक्यावरच्या बारकोडचाच फोटो हवा होता. क्लेम नामंजूर झाला. आम्ही आधी सांगायला हवं होतं, याची रुखरुख आहे. आता आमच्या दुकानातली मुलं खोका उघडण्याआधी स्टिकरचा फोटो काढून तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तरीही क्लेम मंजूर होईपर्यंत खोका भंगारात देऊ नका.

भावाचं किंवा मित्राचं कार्ड वापरलं तर कॅशबॅक त्याच्याच खात्यात जातो, हे आधी बोलून घ्या. मुदतीआधी ईएमआय बंद केला तर बहुतेक योजनांत कॅशबॅक मिळत नाही.

नो-कॉस्ट (म्हणजे बिनव्याजी म्हणवला जाणारा) ईएमआय पूर्ण फुकट नसतो. व्याजाइतकी सूट आधी मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपणच भरतो. ४२,००० चे सहा हप्ते, बँकेचा दर १६ टक्के आणि प्रोसेसिंग फी १९९ धरली, तर जीएसटीसह साधारण ५७५ रुपये जादा जातात. कॅशबॅक ५०० चा असेल तर हातात काहीच उरत नाही.

ठरलेल्या तारखेला रक्कम आली नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ वर मिळते. कंपनीने क्लेम अडवला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दोन्हीकडे बिल आणि स्लिप मागतात. बिलाची दुसरी प्रत आमच्याकडून मिळेल, येताना फक्त बिल नंबर आणा.