प्रोसेसर वारंवारता नियमनातील बिघाड (लिनक्स)

भारानुसार प्रोसेसरची वारंवारता कमी-जास्त करण्याचे काम लिनक्स कर्नेलमधील सीपीयूफ्रेक ही उपप्रणाली करते. त्यात गव्हर्नर वेग ठरवतो आणि ड्रायव्हर तो प्रोसेसरकडून अमलात आणतो. नेहमीची तक्रार म्हणजे कितीही भार टाकला तरी लॅपटॉप ८०० किंवा ४०० मेगाहर्ट्‌झवर अडकून बसतो.

प्रथम ‘सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-इन्फो’ ही आज्ञा चालवून ड्रायव्हर, गव्हर्नर व कमाल मर्यादा पाहावी. ड्रायव्हरच दिसत नसेल, तर एएमडी यंत्रांत बायोसमधील सीपीपीसी (वेगाबाबत कर्नेल व प्रोसेसर यांच्यातील संवादाची सोय) सुरू आहे का ते तपासावे; त्याविना एएमडी-पीस्टेट हा ड्रायव्हर (कर्नेल ५.१७, २०२२ पासून) चालत नाही. आभासी यंत्रात मात्र ड्रायव्हर सहसा नसतोच, तो बिघाड नव्हे.

इंटेल यंत्रांवर ‘पॉवरसेव्ह’ हे नाव पाहून अनेकांची फसगत होते. एसीपीआय-सीपीयूफ्रेक ड्रायव्हरबरोबर हा गव्हर्नर वेग किमान मर्यादेवर खिळवतो. इंटेल-पीस्टेट या ड्रायव्हरच्या सक्रिय पद्धतीत त्याच नावाचा गव्हर्नर भार पाहून वेग चढवतो. तिथे त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

कमाल मर्यादा ‘स्केलिंग-मॅक्स-फ्रेक’ या फाइलीत किलोहर्ट्‌झमध्ये असते: ३.६ गिगाहर्ट्‌झसाठी ३६०००००. हाताने वाढवलेला आकडा चार्जर काढता-लावता पुन्हा खाली येत असेल, तर टीएलपीसारखी वीजबचतीची एखादी सेवा तो बदलत असते. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन या दोन सेवांपैकी एकच चालू ठेवावी.

मर्यादा बरोबर असूनही वेग कमी असेल, तर भार चालू ठेवून ‘टर्बोस्टॅट’ या साधनात प्रत्यक्ष वेग व तापमान पाहावे. तापमान कमाल पातळीला भिडलेले आणि ‘कोअर-थ्रॉटल-काउंट’ (उष्णतेमुळे वेग किती वेळा घटवला याची गणती) वाढत असेल, तर पंख्यातील धूळ किंवा वाळलेली थर्मल पेस्ट हे कारण. पण यंत्र थंड, आणि तरी वेग तळाला? अशा वेळी संशय बीडी-प्रॉकहॉट या, प्रोसेसरला वेग घटवायला लावणाऱ्या संकेतावर घ्यावा. तो प्रोसेसरबाहेरून, मदरबोर्डवरील नियंत्रकाकडून येतो. लॅपटॉपने चार्जर ओळखला नाही किंवा त्याचे वॅट कमी पडले, तरी उमटतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवताच वेग सुधारला, तर चार्जर वा त्याची पिन बदलावी.

इंटेलमध्ये हेक्स १एफसी क्रमांकाच्या एमएसआरमधील (प्रोसेसरच्या आतील नियंत्रण-रजिस्टरमधील) शून्यावा बिट पुसून हा संकेत दुर्लक्षिता येतो. त्या एमएसआरचे इतर बिट तसेच ठेवावेत. सिक्युअर बूटमुळे कर्नेल लॉकडाउनमध्ये (असे थेट बदल रोखणाऱ्या स्थितीत) असेल, तर हे लेखन नाकारले जाते. शिवाय संकेत खऱ्या उष्णतेमुळे आला असेल, तर ती सूचनाही प्रोसेसरपर्यंत पोहोचत नाही. म्हणून हा उपाय निदानापुरताच बरा.