शिओंग्नू आणि हूण: नाव जुळलं म्हणून माणसं जुळत नाहीत

"शिओंग्नू म्हणजेच आपले हूण" हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता सविस्तर लिहायलाच बसलोय. बरं, वाक्याखाली फोटो हमखास हूणांचा राजा अट्टिलाचा, नाहीतर अल्ताईतल्या त्या अंगभर गोंदलेल्या ममीचा. ती ममी यातल्या कुणाचीच नाही हो, ती पाझिरिक संस्कृतीची, शिओंग्नूंचं, म्हणजे मंगोलियाकडच्या त्या जुन्या टोळ्यांचं, साम्राज्य उभं राहायच्या आधीची. फोटो टाकताना एवढं तरी बघत जा.

हूण तुम्हाला शाळेपासून माहीत आहेत. स्कंदगुप्ताने थोपवले, मग तोरमाण, मिहिरकुल, मग मंदसोरचा यशोधर्मा, म्हणजे इसवी सनाचं पाचवं-सहावं शतक. तिकडे युरोपात ३७० च्या आसपास व्होल्गा ओलांडून आले आणि ४५३ मध्ये अट्टिला मेल्यावर थोड्याच वर्षांत विस्कटले. पुरे.

आता शिओंग्नू. (झिओंगनू नाही, एक्सिओंग्नू तर अजिबातच नाही. रोमन अक्षरं बघून उच्चार ठरवायचा म्हणजे असं होतं.) मंगोलियाच्या गवताळ पठारावर इ.स.पू. २०९ मध्ये मोदुन नावाच्या माणसाने बापाला मारून सत्ता घेतली, आणि इ.स.पू. २०० मध्ये बायदेंगला खुद्द हान सम्राट गाओझूला सात दिवस वेढून ठेवलं. त्यानंतर कित्येक दशकं चीन यांना रेशीम, धान्य आणि राजघराण्यातल्या मुली पाठवत होता, कारण लढाईपेक्षा ते स्वस्त पडत होतं. पुढे पारडं फिरलं, इ.स. ४८ मध्ये उत्तर आणि दक्षिण अशी फूट पडली, ८९ मध्ये उत्तरेकडच्यांचा मोठा पराभव झाला आणि दुसऱ्या शतकाच्या मध्यानंतर ते चिनी नोंदींतून दिसेनासे होतात. म्हणजे तिथून व्होल्गाकाठच्या हूणांपर्यंत सरळ दोनशे वर्षांची पोकळी. "चीनची भिंत हूणांसाठी बांधली" म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी मांडून बघावेत. छिन-हान या जुन्या राजवटींच्या काळातल्या भिंती शिओंग्नूंसमोर उभ्या राहिल्या, आणि आपण फोटोत बघतो ती विटांची भिंत तर मिंग काळातली.

बारीकसारीक फरक पटकन सांगतो. लहानपणीच डोकं बांधून कवटी लांबट करायची चाल युरोपातल्या हूण काळात आणि भारतात आलेल्या अल्खान हूणांच्या नाण्यांवरच्या राजांमध्ये दिसते, शिओंग्नूंची ती ओळख नव्हे. कांस्याचे मोठे हंडे दोघांकडे आहेत, पण शिओंग्नूंच्या हंड्याला खाली जाळीदार बैठक असते आणि हूणांच्या हंड्याच्या कानांवर अळंबीसारखे गेंद. धनुष्य दोघांचंही हाडाच्या पट्ट्या लावलेलं, त्यावरून काही ठरत नाही.

खरा गोंधळ नावाचा आहे, आणि इथे दोन्हीकडची माणसं चुकतात. जोझेफ द गिन्य या फ्रेंच अभ्यासकाने अठराव्या शतकात पहिल्यांदा ठामपणे मांडलं की युरोपातले हूण म्हणजे चिन्यांचे शिओंग्नू. नंतर त्याच्यावर टीका झाली की नुसत्या उच्चाराच्या साम्यावर इतिहास रचता येत नाही, आणि त्या टीकेच्या जोरावर आज बरेच जण थेट "काही संबंधच नाही" म्हणून मोकळे होतात. हेही चूक आहे, आणि याचा पुरावा मला वैयक्तिकरीत्या या सगळ्या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

१९०७ मध्ये ऑरेल स्टाइन या संशोधकाला वायव्य चीनमधल्या दुनहुआंगजवळच्या एका पडक्या टेहळणी बुरुजात सोग्दी, म्हणजे समरकंदकडच्या, व्यापाऱ्यांची पत्रं सापडली, कधीच न पोचलेली. त्यातल्या एकात चीनमधला एक व्यापारी समरकंदला कळवतोय की सम्राट राजधानी सोडून पळाला, शहर जळालं, आणि हे केलं "हून" लोकांनी. ही ३११ मधली लुओयांगची लूट, आणि लुटणारे होते दक्षिण शिओंग्नूंच्या वंशातल्या राजाचे लोक. म्हणजे समकालीन माणूस, धंद्याचं साधं पत्र लिहिणारा, त्याच लोकांना हून म्हणतोय. दुसरा पुरावा तर आपल्या घरातला. ललितविस्तर या बुद्धचरित्रात लिप्यांची जी यादी आहे त्यात "हूणलिपि" येते, आणि धर्मरक्ष या भिक्षूने ३०८ मध्ये चिनी भाषांतर केलं तेव्हा त्या जागी शिओंग्नू असं लिहिलं. धर्मरक्ष दुनहुआंगचा, दोन्ही जग जवळून बघितलेला. तो चुकून लिहिणार नाही. तेव्हा नाव एकच आहे, ह्यावर मला तरी शंका राहिलेली नाही.

पण नाव एकच म्हणजे माणसं तीच, इथे उडी मारायची नाही. शिओंग्नू हे मुळात जातीचं किंवा वंशाचं नाव म्हणून वाचूच नये, ते राज्याचं नाव होतं. त्या राज्यात कितीतरी टोळ्या, कितीतरी भाषा. पश्चिम मंगोलियातल्या खोव्दकडच्या दोन स्मशानांचा जनुकीय अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात अख्ख्या युरेशियाभर पसरलेलं वैविध्य एकाच छोट्या वस्तीत सापडलं, आणि सगळ्यात मानाच्या कबरी बायकांच्या निघाल्या. मग साम्राज्य मोडल्यावर ते दरारा असलेलं नाव कुणीही लावू शकत होतं, लावणाऱ्याला त्याचा फायदाच होता.

आणि जमिनीखाली बघितलं की फरक लगेच कळतो, म्हणून मी म्हणतो आधी कबरी बघा मग नावं. शिओंग्नूंच्या साध्या माणसाच्या कबरीवर दगडांचं कडं. सरदाराची असेल तर चौकोनी चौथरा आणि दक्षिणेकडून खाली उतरत जाणारी वाट, आत खोलवर ओंडक्यांची खोली, त्यात शवपेटी, पेटीवर सोन्याच्या पट्ट्या आणि चार पाकळ्यांची फुलं. सोबत घोडे, चिनी रथ, लाखेचे प्याले. मंगोलियातल्या नोयोन-उल इथे कोझलोव्ह या रशियन संशोधकाने १९२४-२५ मध्ये खोदलं तेव्हा एका प्याल्यावर चक्क इ.स.पू. २ चा लेख मिळाला, आणि लोकर दाबून केलेले गालिचे, बुरणूसच म्हणा, ज्यांवर याक आणि शिंगवाला हिंस्र प्राणी झुंजताना शिवलेत. गोल मोद २ या मंगोलियातल्याच दुसऱ्या स्मशानात तर रोमन काचेचा वाडगा निघाला. असला चौथरा-कबरींचा एकही समूह अट्टिलाच्या हंगेरीत नाही. तिथे एकेकट्या, विखुरलेल्या कबरी, लाल खडे जडवलेले सोन्याचे दागिने. भारतात तर हूण आपल्याला मुख्यतः नाण्यांवर आणि शिलालेखांवर भेटतात.

२०२५ मध्ये आलेल्या ३७० प्राचीन माणसांच्या जनुकीय अभ्यासाने हेच चित्र पक्कं केलं. हंगेरीकडच्या हूण काळातल्या मोजक्या काही जणांचं नातं थेट मंगोलियातल्या शिओंग्नू सरदार घराण्यांशी लागलं, बाकी बहुतेक लोक स्थानिक किंवा इतर ठिकाणचे. म्हणजे वरच्या घराण्यांतलं थोडं रक्त आणि एक मोठं नाव पश्चिमेला गेलं, त्या चौथऱ्यांच्या कबरी बांधणारी संस्कृती काही गेली नाही.

एक जाता जाता, "भटके होते, घरंदारं नव्हती" हेही थांबवा. रशियातल्या उलान-उदेजवळ इव्होल्गाला त्यांची तटबंदी असलेली वस्ती आहे, जमिनीखालून धूर फिरवून गरम ठेवलेली घरं, शेती, लोखंडाचं काम, डुकरंसुद्धा. आणि २०२० मध्ये मंगोलियातल्या अर्खांगाई प्रांतात त्यांच्या राजधानीच्या जागी "स्वर्गपुत्र शान्यू" असा चिनी लेख असलेली कौलं सापडली. शान्यू म्हणजे त्यांचा राजा.

आणि शिओंग्नूंचा भारताशी धागा हवाच असेल तर मिहिरकुलाला मध्ये आणायची गरजच नाही. नोयोन-उलच्या ३१ नंबरच्या कबरीत २००९ मध्ये लोकरी भरतकामाचं कापड मिळालं, त्यावर शक-कुशाण धाटणीचे कपडे घातलेले मिशीवाले पुरुष अग्निवेदीपाशी उभे आहेत. ते खोदणाऱ्या नताल्या पोलोस्माक यांच्या मते हे भरतकाम वायव्य भारताकडचं. स्कंदगुप्ताच्या चारशे वर्षं आधी ते कापड मंगोलियातल्या एका सरदाराच्या कबरीत, तळाच्या चिखलात पसरलेलं होतं.